कंकणाचा अर्थ आणि त्याचें गणित

२६ डिसेंबर २०१९ रोजीं सूर्यास ग्रहण लागलें. केरळांत कासरगोड-कण्णूरकडे आणि तमिळनाडूंत कोइंबतूरच्या बाजूस तें कंकणाकृति दिसलें. आम्हां रत्नागिरीकरांच्या वांट्यास नुसतें खंडग्रास आलें. पुढें कांहीं दिवसांनीं वर्गांत एका विद्यार्थिनीनें विचारिलें, "सर, ग्रहणाचें कंकण, शनीचें कडें आणि माझ्या आईच्या हातांतली बांगडी, या तिघांचें गणित एकच का?" वर्गांत हंशा पिकला. मीही हंसलों, आणि वेळ मारून नेली. परंतु घरीं आल्यावर ध्यानांत आलें कीं, प्रश्न मुळींच भोळा नव्हता. आपण सुशिक्षित माणसें कंकण, कडें, वलय, वर्तुळ, चक्र हे शब्द एकमेकांच्या जागीं इतक्या निर्धास्तपणें वापरतों कीं, त्यांच्या आड किती भिन्न वस्तु उभ्या आहेत हें पाहण्याची संवयच आपणांस राहिलेली नाहीं. या संवयीची थोडी चिकित्सा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या मुलीच्या तीन वस्तु घेऊं. ग्रहणांत चंद्रबिंब सूर्यबिंबाहून किंचित् लहान दिसतें व त्याभोंवतीं उजेडाची एक कड उरते. ही कड म्हणजे एका वर्तुळांतून दुसरें वर्तुळ वजा करून राहिलेली सपाट पट्टी. तिला लांबी-रुंदी आहे, जाडी नाहीं. नववे शतकांतील जैन गणिती महावीराचार्य यानें 'गणितसारसंग्रहां'त असल्या पट्टीस चक्रवालवृत्त म्हटलें असून, ती मूळ वर्तुळाच्या बाहेरून घेतली आहे कीं आंतून, यावरून तिचे दोन भेदही केले आहेत. शनीच्या कड्यांची गोष्ट निराळीच. त्यांचा विस्तार एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सुमारें २,८०,००० किलोमीटर, आणि जाडी बहुतेक ठिकाणीं कांहीं दहा मीटरांहून अधिक नाहीं. तीं एकसंध घन कडीं असणें शक्यच नाहीं, तीं असंख्य सुट्या तुकड्यांचीं बनलेलीं असलीं पाहिजेत, असें मॅक्सवेलनें १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत गणितानें दाखवून दिलें. म्हणजे ज्याला आपण कडें म्हणतों तो वस्तुतः एका रिंगणांत धांवणाऱ्या कणांचा मेळा आहे. उरली बांगडी. या तिघांत खरें कंकण तेवढें हेंच. तिला जाडी आहे, तिला बाहेरचें अंग आहे व आंतलें अंग आहे, आणि तिच्या पृष्ठावर बोट ठेवून फिरविलें तर तें कोठेंही कडेला अडत नाहीं.

आतां आपल्या वाङ्मयीन टीकेकडे वळूं. एकाद्या कवितेंत कंकण, वलय किंवा अंगठी आली कीं, आमचे रसिक टीकाकार तत्काळ सांगतात कीं, हें अनंतत्वाचें प्रतीक, कारण त्यास आरंभ नाहीं व शेवट नाहीं. किंवा हें पूर्णत्वाचें प्रतीक, कारण तें वाटोळें. किंवा हें शून्याचें प्रतीक, कारण तें शून्यासारखें दिसतें. हीं तिन्ही विधानें ऐकावयास गोड आहेत. पण आरंभ आणि शेवट नाहीं हें तर लाडूच्या पृष्ठाविषयींही खरें आहे. वाटोळेपणांत तो कंकणाच्या पुष्कळ पुढें आहे. तरी कोणी लाडवास अनंतत्वाचें प्रतीक मानल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. जो गुण लाडू आणि कंकण या दोहोंत सारखाच आहे, तो कंकणाचा विशेष अर्थ होऊं शकत नाहीं. टीकेचा हा पहिला नियम येथें मोडला जातो.

मग कंकणाचा विशेष कोणता? याचें उत्तर दिवाळीच्या डब्यांत आहे. एक मुंगी लाडवावर सोडा व एक कडबोळ्यावर सोडा. प्रत्येकीच्या मागें एक दोरा बांधला आहे, आणि ती फिरून पुन्हा निघाल्या जागीं आली कीं, दोऱ्याचीं दोन्ही टोंकें हातीं धरून तो हळूहळू ओढून घ्यावयाचा, अशी कल्पना करा; अट इतकीच कीं, दोऱ्यानें पृष्ठ सोडतां कामा नये. लाडवावरची मुंगी कशीही भटको, दोरा सरकत सरकत अखेर सगळा हातांत येतो. कडबोळ्यावर तसें होत नाहीं. मुंगी त्याच्या जाडीस वळसा घालून आली असेल, तर दोरा आवळतो पण सुटत नाहीं. ती लांबून, भोंकास फेरा घालून आली असेल, तरीही सुटत नाहीं. हे दोन फेरे एकमेकांहून स्वतंत्र आहेत. एकाचें दुसऱ्यांत रूपांतर होत नाहीं. आणि ध्यानांत घ्या कीं, त्या मुंगीनें भोंक कधीं पाहिलेलें नाहीं. भोंक हा पृष्ठाचा भाग नव्हेच. तेथें कांहीं नाहीं. तरी पृष्ठ न सोडतां, केवळ दोरा अडतो यावरून, मधें कांहींतरी नाहीं हें तिला निश्चित कळूं शकतें.

कंकणाचा अर्थ तो हाच, असें माझें मत आहे. त्याचें सारें सार त्याच्या पोकळींत आहे, आणि ती पोकळी बंद असण्यांत आहे. या दोन अटींपैकीं दुसरीकडे आपलें विशेष दुर्लक्ष होतें. लहान मुलांच्या हातांत किंवा पायांत जीं तोंड उघडें असलेलीं कडीं घालतात, तीं दिसावयास कंकणासारखींच. परंतु गणिताच्या दृष्टीनें तीं कंकणें नव्हेत. तोंडाशीं दोन बोटें घालून तें कडें सरळ केलें कीं त्याची कांब होते, आणि कांब ही मुंगीच्या हिशेबानें लाडवाच्याच जातीची. उलट अगदीं वेडेंवांकडें, चेपलेलें, एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस बारीक असें कडबोळें हें नि:संशय कंकण होय. वाटोळेपणा गेला तरी चालेल, सांधा मात्र राहिला पाहिजे. आमचे टीकाकार वाटोळेपणावर भाळले आणि सांध्यास विसरले.

हा सांधा कांचेच्या बांगडींत अक्षरशः असतो. उत्तरप्रदेशांत फिरोजाबाद येथें भट्टींतून ओढलेली तापलेली कांच फिरत्या दांडीवर सर्पिलासारखी गुंडाळीत नेतात; मग त्या गुंडाळीवर एक उभी चीर देतात, म्हणजे तोंड उघडीं असलेलीं पुष्कळ वेढीं सुटीं होतात. पुढें एकेक वेढें घेऊन त्याचीं दोन टोंकें समोरासमोर आणून ज्योतीवर जुळवितात. त्या क्षणापर्यंत ती कांचेची वांकडी काडी असते. जुळल्यावर ती बांगडी होते.

आतां थोडें मोजमाप. बांगडी मोजणारे आपल्या समाजांत दोघे, कासार आणि सोनार. आणि दोघांचें मोजणें भिन्न आहे. कासार 'दोन-चार', 'दोन-सहा' अशीं मापें सांगतो. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश, अर्थात् सव्वादोन इंच, आणि हा व्यास बांगडीच्या आंतल्या अंगाचा. म्हणजे कासार विकतो कांच, पण मोजतो पोकळी. सोनारास पोकळीचें कांहीं नाहीं, त्यास सोन्याचें वजन पाहिजे. समजा, आंतला व्यास सव्वादोन इंच आणि कांबेची जाडी पाव इंच असें भरीव गोल कंकण आहे. बाहेरचा व्यास झाला पावणेतीन इंच. वजन काढण्यास लांबी कोणती धरावी? आंतला घेर ७.०७ इंच, बाहेरचा ८.६४ इंच. अनुभवी सोनार दोहोंपैकीं एकही धरीत नाहीं. तो कांबेच्या मध्यरेषेचा घेर धरतो. त्याचा व्यास अडीच इंच; भास्कराचार्यांच्या 'लीलावतीं'त दिलेल्या सूक्ष्म प्रमाणानें, म्हणजे ३९२७ भागिले १२५० यानें, गुणिलें असतां घेर ७.८५ इंच येतो. आणि तेवढीच सरळ कांब घेऊन ती वांकविली कीं हिशेब चुकत नाहीं. कारण बाहेरच्या अंगास धातु जितकी ताणली जाते, बरोबर तितकीच ती आंतल्या अंगास दबली जाते. अलेक्झांड्रियाचा पॅपस यानें चवथ्या शतकांत जो सिद्धान्त नोंदून ठेविला, त्याचें हें एक उदाहरण आहे. मध्यरेषेचा घेर गुणिले कांबेचा घेर, हें कंकणाचें पृष्ठफळ. मध्यरेषेचा घेर गुणिले कांबेच्या छेदाचें क्षेत्र, हें घनफळ. आपल्या कंकणाचें पृष्ठफळ सुमारें ६.१७ चौरस इंच आणि घनफळ ०.३८६ घनइंच, तें शुद्ध सोन्याचें असल्यास वजन साडेदहा तोळ्यांच्या आसपास भरेल. जाडी निम्मी करा आणि मध्यरेषा तीच ठेवा, पृष्ठ निम्मे होईल, वजन मात्र चौथाईवर येईल. अंगावर दिसणारें तें पृष्ठ आणि पैसे पडतात ते घनाचे, ही गोष्ट मध्यमवर्गीय गृहिणीस कोणत्याही सूत्रावांचून ठाऊक असते. पोकळ पाटल्यांचा जन्म तींतूनच झाला आहे.

विद्यार्थ्यांस हीं सूत्रें पाठ असतात. पण 'मध्यरेषा कां?' असें विचारलें तर वर्ग मुका होतो. सूत्राचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो, आणि त्याचें कारण बुद्धीचा अभाव हें नसून, ज्या वस्तूविषयीं सूत्र आहे ती वस्तु त्यांच्या हातांत कधीं दिलेली नसते, हें आहे.

कंकणाच्या पृष्ठाचा वांक हा याहूनही सुंदर विषय आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघालेली कोळीण पाहावी. पाटीखालीं चुंबळ असते. विहिरीवरून घागर आणणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावरही ती असे. डोकें वाटोळें, घागरीचें बूडही वाटोळें. गोलावर गोल ठेविला तर ते एका बिंदूंत टेकतात, आणि बिंदूवर भार तोलणें ही डोंबाऱ्याची विद्या. मधें कंकण आलें कीं खालचा गोल त्यास एका पूर्ण वर्तुळांत टेकतो आणि वरचाही एका पूर्ण वर्तुळांत. एका बिंदूच्या जागीं दोन वर्तुळें आलीं, आणि बाई दोन्ही हात मोकळे सोडून चालूं लागली. ही चुंबळ करतांना कापडास पीळ देऊन तें वळवितात, तेव्हां बाहेरच्या अंगास कापड ताठ राहतें आणि आंतल्या अंगास त्यास चुण्या पडतात. बाहेरचें अंग घागरीच्या पोटासारखें सर्व दिशांनीं फुगीर असतें. आंतलें अंग घोड्याच्या खोगिरासारखें एका दिशेनें वर व दुसऱ्या दिशेनें खालीं वांकलेलें असतें. आणि दोहोंच्या सीमेवर, माथ्यावर व तळाशीं, दोन वर्तुळें अशीं असतात कीं तेथें वांक शून्य होतो. गाउसनें १८२७ सालीं वक्रतेचें जें माप सांगितलें, त्यानें मोजलें असतां बाहेरचा फुगवटा आणि आंतला खोगीरपणा बरोबर सारखे भरतात व बेरीज शून्य येते. कंकण लहान असो, मोठें असो, चेपलेलें असो, ही बेरीज बदलत नाहीं. कंकणांत शून्य पाहणाऱ्या टीकाकारांचें समाधान करावयाचें झाल्यास तें येथें होऊं शकेल. परंतु हें शून्य आकारांत दिसणारें नव्हे, हिशेबांत येणारें आहे.

लहान मुलाच्या डोक्यावर केसांचा भोंवरा असतो, तो कशानेंही विंचरून जात नाहीं. केसाळ गोल कसाही विंचरला तरी कोठें तरी भोंवरा राहणारच, असा गणितांत सिद्धान्त आहे. ब्रौवरनें तो १९१२ सालीं सर्वसामान्य रूपांत सिद्ध केला. कंकणावर मात्र केस असते तर ते एकाच दिशेनें, एकही भोंवरा न ठेवतां, विंचरतां आले असते. वरच्या शून्याचाच हा दुसरा परिणाम होय.

येथें कोणी म्हणेल, हें सर्व पाश्चात्यांचें; आमच्या परंपरेस याचें काय? परंपरेंत वलयांचा भरणा केवढा आहे पाहा. पुराणांच्या भूगोलांत मध्यें जंबुद्वीप, त्याभोंवतीं लवणसमुद्राचें वलय, त्याभोंवतीं प्लक्षद्वीपाचें, पुन्हा समुद्राचें, याप्रमाणें शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर अशीं एकामागून एक वलयें असून, प्रत्येक द्वीप आधींच्याच्या दुप्पट आहे. इ. स. ११५० मध्यें 'सिद्धान्तशिरोमणि' लिहितांना भास्कराचार्यांपुढें हा प्रश्न होता. पृथ्वी आरशासारखी सपाट मानणाऱ्यांचें त्यांनीं गोलाध्यायांत खंडन केलें आहे. परंतु पुराणांचीं द्वीपें त्यांनीं टाकूनही दिलीं नाहींत. जंबुद्वीप म्हणजे उत्तर गोलार्ध, लवणसमुद्र त्याच्या सीमेवर, आणि बाकीचीं द्वीपें व समुद्र दक्षिण गोलार्धांत, अशी त्यांनीं मांडणी केली. सपाट वलयें त्यांनीं चेंडूवर चढविलीं. हा समेट कितपत टिकाऊ होता याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण त्यांतील रीत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शब्द जुना राहूं दिला, आकार मात्र तपासून घेतला. गोलाचें पृष्ठ मोजतांना याच आचार्यांनीं आंवळ्यावरच्या रेघांचा दृष्टांत घेऊन त्याच्या फांकी पाडल्या आहेत. त्यांना दृष्टांतासाठीं अंगणाबाहेर जावें लागलें नाहीं. आमच्याच जिल्ह्यांतील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिःशास्त्र' मराठींत लिहून या सर्व परंपरेची जी निर्भीड छाननी केली, तिच्या मागेंही हीच वृत्ति होती.

प्रसंगवशात् एक गंमत. कागदावरचा कोणताही नकाशा, शेजारच्या दोन देशांस एकच रंग न येऊं देतां, चार रंगांत रंगवितां येतो, हें १९७६ सालीं संगणकाच्या साह्यानें सिद्ध झालें. कंकणाच्या पृष्ठावरील नकाशास मात्र सात रंग लागूं शकतात व सात नेहमीं पुरतात, हें हीवुडनें १८९० मध्येंच दाखविलें होतें. म्हणजे कंकणावर सात द्वीपें अशीं आंखतां येतात कीं, प्रत्येकाची हद्द उरलेल्या सहांशीं लागते. पुराणांच्या वलयांत जंबुद्वीपास पुष्करद्वीपाची शेज कधींच लाभत नाहीं. यावरून पुराणकारांस कंकणाचें गणित ठाऊक होतें असा निष्कर्ष कृपा करून कोणी काढूं नये; सात हा आंकडा जुळला, यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं.

आतां अर्थाकडे पुन्हा येतों. आपल्या घरांत बांगडी फुटली म्हणत नाहींत. बांगडी वाढली, असें म्हणतात. दिवा विझला म्हणण्याचें जसें टाळतात, तसेंच हें. केवळ अशुभ टाळण्यासाठीं भाषेनें योजिलेली ही युक्ति आहे, हें खरें. तरी भाषेस कंकणाचें मर्म किती नेमकें कळलें होतें, हेंही तींतून दिसतें. वाडगा फुटला तर त्याचे तुकडे वाडग्याचेच तुकडे राहतात. कंकणास एकच चीर पडली कीं, वस्तूचा एक कणही कमी न होतां त्याची जात बदलते, दोरा सुटतो. जें एका घावानें सर्वस्वीं नाहींसें होतें, त्याच्याविषयीं भाषा भीत बोलते.

आणि नेमका हाच घाव आपल्या समाजानें विधवेच्या हातावर घालण्याची रूढि केली. नवरा गेला कीं बांगड्या फोडावयाच्या. गणितांतील एक निर्विकार घटना आम्हीं एका दुःखी स्त्रीच्या मनगटावर शिक्षा म्हणून उतरविली. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव करून कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढून घेणें या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींसही तसें करण्यास सांगितलें. पदव्या मिळविलेल्या आम्हां लोकांच्या आधीं हें एका गांवानें केलें. त्या ठरावाचा अर्थ मी माझ्या भाषेंत असा करतों: बांगडींतील पोकळी हाताची आहे, जो हात ती वागवितो त्याची, ती दुसऱ्या कोणाच्या आयुष्यानें भरलेली नव्हे. कंकणाला प्रतीक करावयाचेंच, तर आधीं त्यांतील पोकळी कोणाची, हें टीकाकारानें विचारलें पाहिजे. अनंतत्वाच्या आणि पूर्णत्वाच्या गोड विधानांखालीं हा प्रश्न फार दिवस झांकला गेला.

परिभाषेविषयीं माझी सूचना अल्प आहे. सपाट पट्टीस वलय म्हणावें. घन, बंद आणि सच्छिद्र अशा आकृतीस कंकण म्हणावें. तोंड उघडें असेल त्यास कडें म्हणावें. ग्रहणास पंचांगांत रूढ झालेला 'कंकणाकृति' हा शब्द बदलूं पाहणें हट्टाचें होईल. तो राहो, मात्र शिकवितांना तें कंकण नसून वलय आहे हें सांगावें. शनीचीं कडीं हा शब्दही लोकांच्या तोंडून जाणार नाहीं. पण ती मुलगी एक गोष्ट नकळत बरोबर बोलून गेली होती. कण एकमेकांस चिकटलेले नसल्यानें तेथें सांधा नाहीं, म्हणून कंकण म्हणण्यापेक्षां कडें म्हणणेंच सत्यास अधिक जवळचें आहे.

दुसरे दिवशीं मी तिला हें सांगितलें. तिनें थोडा विचार केला आणि विचारलें, "मग सर, चुंबळ कोणत्या जातीची? तिचीं टोंकें तर नुसतीं आंत खोंवलेलीं असतात." मी उत्तर दिलें कीं, डोक्यावर असेतों कंकण, आणि उतरून झटकली कीं कापड. हें उत्तर गणिताच्या परीक्षेंत चालेल कीं नाहीं याविषयीं माझी खात्री नाहीं. परंतु त्या दिवशीं वर्गांत कोणी हंसलें नाहीं.